वरचं एक झाकण

अकोल्याला मावशीच्या घरी साखरेच्या डब्यात साखर कधीच नसायची. पहिल्याच सकाळी मी चहासाठी ‘साखर’ अशी चिठ्ठी लावलेला डबा उघडला, तर आत तुरीची डाळ. ‘रवा’ लिहिलेल्या डब्यात सुकं खोबरं, आणि बिस्किटांच्या गोल पत्र्याच्या डब्यात हळद. मी हबकून तिच्याकडे पाहिलं. ती भाकर थापत होती. मान न वळवता म्हणाली, “उघडून पाय ना, नीलू. जे निंघंन ते निंघंन.” अमरावतीला आमच्या घरी असं कुणी म्हटलं असतं तर आईनं त्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नसता. माझे बाबा कॉलेजात ग्रंथपाल होते. घरातली पुस्तकंसुद्धा ते क्रमांकानं लावायचे, आणि आईनं तीच शिस्त मसाल्यांना लावली होती. धने म्हणजे धने. चिठ्ठी बदलल्याशिवाय डब्यातला जिन्नस बदलायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा होता. माझ्या कपाटातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून तुम्ही पोरं एकमेकांना पाठवता आणि हसता, हे मला ठाऊक आहे. हसा. पण त्या चिठ्ठ्या नुसत्या आईकडून आलेल्या नाहीत. त्यांच्यामागे अकोल्याचं ते एक वर्ष आहे, आणि ते तुम्हाला तिथल्या तिथे फोनवर सांगता येण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे.

बी.एस्सी. झाल्यावर पुढं काय, हा प्रश्न होता. मावशीनं निरोप पाठवला की अकोल्यात वेबपेज करायला शिकवणारा एक चांगला क्लास आहे, पोरीला पाठव. बाबांनी मला बडनेऱ्याला गाडीत बसवून दिलं. मावशीचं घर दालमिलच्या मागच्या अंगाला होतं. मिलची घरघर दिवसभर भिंतीतून यायची, भांडी फळीवर हलके हलके थरथरायची, आणि लाइट गेली की ती घरघर थांबून एकदम इतकी शांतता व्हायची की मावशी बोलता बोलता आवाज खाली आणायची. लाइट त्या वर्षांत रोजच जायची. सकाळी ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल. दुपारी पातोड्यांचा झणझणीत रस्सा, ज्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि मावशी म्हणायची, अमरावतीची असून अशी काऊन गं तू, पुण्याची असल्यावानी.

मावशीच्या यजमानांना आम्ही काकाच म्हणायचो. त्यांचं बियाणं-औषधांचं दुकान होतं, कृषी केंद्र. औषधं म्हणजे फवारायची. कोणत्या अळीला कोणतं, पाठीवरच्या एका पंपाला किती झाकणं, हे काका बाटलीच्या खोक्यावर स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहून द्यायचे. माप झाकणाचंच. बाटलीचं झाकण सगळ्यांच्या हाताशी असतं. आणि झाकणं मोजून झाली की वर एक. ते ‘वरचं’. हे वरचं प्रकरण तुम्हाला समजावून सांगायला हवं, कारण तुमच्या तिकडच्या दुकानात ते मिळत नाही. आमच्याकडे दूधवाला माप ओतून झालं की वरून एक धार सोडायचा. धान्य मोजणारा मापाच्या शेवटी एक मूठ टाकायचा. त्याशिवाय देणं पूर्ण झालं असं कुणाला वाटायचंच नाही. पंपात औषध ओततानाही तसंच, दोन झाकणं आणि वरचं एक. कुणी कुणाला हे शिकवलेलं नव्हतं.

वरच्याचा सगळ्यात मोठा हट्ट मावशीचा, आणि तो चालायचा सुमनबाईसमोर. सुमनबाई माळ्याची. मोर्णा नदीच्या काठानं त्यांचा भाजीचा मळा होता. रोज सकाळी डोक्यावर टोपलं घेऊन ती मावशीच्या ओट्यावर टेकायची. फुलकोबीचा गड्डा तोलून झाला की मावशी पदर पसरूनच उभी राहायची, आन् वरचं? मग सुमनबाई कोथिंबिरीची काडी, कधी दोन मिरच्या त्यात टाकायची आणि म्हणायची, तुम्ही तं मले वरूनच खाऊन टाकसान, वहिनी. नवऱ्याचं नाव प्रल्हाद. तो मला कधी दिसला नव्हता, पण सुमनबाईच्या बोलण्यातून चांगला माहीत झाला होता. मितभाषी माणूस. फवारणी, पाणी सगळं तो बघायचा. आमचे हे कोबीशी बोलते, ती म्हणायची, मले आवाज माहीत व्हावा म्हून म्याच कोबीच्या वाफ्यात जाऊन बसतो. त्या वर्षी कोबीवर अळी फार होती. ती मेल्यासारखी दिसायची आणि दोन दिवसांनी पुन्हा पान चाळणी करून ठेवायची. गड्डे घेताना मावशी पानं उलटीपालटी करायची आणि सुमनबाईचं हसू तेवढ्यापुरतं जायचं.

क्लास बांगड्यांच्या गल्लीत होता. खाली शकील सरांचे मोठे भाऊ बायकांना बांगड्या भरायचे आणि वरच्या खोलीत सर जावास्क्रिप्ट ही वेबपेजची भाषा शिकवायचे. शिकवणं चालू असताना खालून काचेची किणकिण आणि घासाघीस ऐकू यायची. सर तिशीचे असतील. मराठी बोलता बोलता हिंदीत जायचे आणि परत यायचे, आणि खडू कानावर ठेवायचे. मी कॉलेजात सी नावाची संगणकाची भाषा शिकले होते. ती भाषा म्हणजे आमच्या आईचं स्वयंपाकघर. वापरायच्या आधी सांगायचं, या नावाचा डबा, यात पूर्ण आकडे. त्या नावाचा डबा, त्यात अक्षरं. आकड्यांच्या डब्यात अक्षरं कोंबायला गेलात की लगेच दटावणी. मला ती फार आवडायची. पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर ‘व्हार’ लिहिलं, म्हणजे एक डबा घेतला. कशाचा, ते लिहिलं नाही. त्यात पाच हा आकडा ठेवला. पुढच्याच ओळीत त्याच डब्यात ‘संत्रा’ हा शब्द ठेवला. मी हात वर केला आणि सर, हे चुकलंय, असं सांगितलं.

“कुठं चुकलं?” सरांनी विचारलं. “मशीननं काही म्हटलं का?”

मशीननं काही म्हटलं नव्हतं. सरांनी चालवून दाखवलं, मशीननं निमूटपणे संत्रा छापला. मग सर खुशीत येऊन म्हणाले, आता गंमत बघा, आणि त्यांनी ‘व्हार’ हा शब्दही पुसून टाकला. डबा घेतलाय हेसुद्धा सांगायचं नाही, नुसतं नाव घेऊन त्यात माल भरायचा. मशीन स्वतःच कुठून तरी डबा पैदा करत होतं. तेही चाललं. पोरं हसली. मला हसू आलं नाही. मी अक्षरशः थक्क होऊन त्या पडद्याकडे बघत होते. एखाद्या माणसाला तुम्ही काहीही सांगावं आणि त्यानं प्रत्येक गोष्टीला बरं म्हणावं, तसं ते होतं, आणि असा माणूस मला तरी शेजारी नको असता. सर म्हणाले, नीलिमा, ही भाषा दिलदार आहे, तुम्ही फार पोलिसवाल्या आहात. संध्याकाळी मी हे मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, मंग त्यात काय झालं, माहे डबे नाही का तसेच. बरोबरच होतं तिचं. पण मावशी दर वेळी झाकण उघडून वास घ्यायची, बोटानं चाखून बघायची. हे मला तेव्हा सुचलं नाही.

काकांनी दुकानात संगणक घेतला तो आपल्याकडे आहे हे बाजारात दिसावं म्हणून. दुसरं काही काम नव्हतं त्याला. मग माझ्या ओळखीनं त्यांनी शकील सरांना बोलावून घेतलं आणि एक पान करून मागितलं. पानावर दोन चौकटी. एकीत एका पंपाला किती झाकणं ते टाइप करायचं, दुसरीत किती पंप मारायचे ते. मग एका पंपाला झाकणं किती, एकूण किती आणि बाटली लहान घ्यावी की मोठी, हे पडद्यावर यायचं. सरांनी ते फार हौसेनं केलं. हिरवी किनार, कोपऱ्यात कापसाच्या बोंडाचं चित्र. माझ्यासमोर त्यांनी पुन्हा पुन्हा आकडे घालून बघितले, प्रत्येक गुणाकार बरोबर आला. माझी धास्ती जराशी कमी झाली. दुकानात येणारे लोक पडद्यावरची बोंडं पाहायला मान लांब करायचे. काका पडद्यावरचा आकडा खोक्यावर उतरवायचे आणि म्हणायचे, आता माहा हिशेब नाही, याचा आहे.

मग एके दिवशी काकांच्या लक्षात आलं की यात वरचं नाही. लोक पंपात वरचं टाकणारच, मग बाटली कमी पडते आणि शेवटचा पंप कोरडा जातो. त्यांनी सरांना सांगितलं, दर पंपाला एक झाकण वरचं धरा. सर खुर्चीत बसलेही नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी एक ओळ घालून सेव्ह केली, टाइप केलेल्या झाकणांपुढे अधिकचं चिन्ह आणि एक. ते आता चालवून बघणार तेवढ्यात लाइट गेली. दालमिल थांबल्यासारखी सगळी गल्ली गप्प झाली. सर म्हणाले, एवढंच तर होतं, आणि नमाजाची वेळ झाली म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशी काका धामणगावला एका तेरवीला गेले आणि दुकानात मावशी बसली.

पुढचं मला मावशीनं सांगितलं ते तिच्या शब्दांत नाही सांगत, कारण ती सांगताना रडत होती. सुमनबाई दुकानात आली. कोबीच्या अळीसाठी औषध मागितलं. मावशीनं काकांच्या यादीत बघून पहिल्या चौकटीत दोन टाइप केले, दुसरीत पंप. पडद्यावर आलं, एका पंपाला एकवीस झाकणं, बाटली मोठी. मावशीनं मोठी बाटली काढली आणि खोक्यावर स्केचपेननं एकवीस लिहिलं. सुमनबाईनं विचारलं, एकवीस? मावशी म्हणाली, हो, एकवीस. सुमनबाई बरं म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासमधून येताना मी दुकानात डोकावले. मावशी दुसऱ्या एका गिऱ्हाइकासाठी टाइप करत होती. तीन टाइप केले आणि पडद्यावर एकतीस आलं. मी तिथंच उभी राहिले. काय झालं असेल ते मला एका क्षणात कळलं, आणि ते तुम्हालाही कळेल, कारण सोपं आहे. चौकटीत माणूस जे टाइप करतो ते त्या यंत्राच्या लेखी आकडा नसतं, अक्षर असतं. कागदावर काढलेल्या चित्रासारखं. गुणाकार सांगितला की यंत्र समजून घेतं की याला आकडा हवाय, आणि गुपचूप त्याचा आकडा करतं, कारण अक्षरांचा गुणाकार होत नाही. पण अधिकचं चिन्ह अक्षरांनाही चालतं. दोन या अक्षरापुढे एक हे अक्षर चिकटवायचं, झालं. दोन आणि एक, एकवीस. आणि मग त्या एकवीसला पंपांनी गुणताना पुन्हा त्याचा आकडा. बाहेर आलेलं उत्तर असं स्वच्छ, सोज्वळ, की कुणी बोट ठेवू नये. इतक्या सगळ्यात यंत्रानं एकदाही हूं की चूं केलं नव्हतं.

मी मावशीला विचारलं, असं कुणाकुणाला दिलं. ती म्हणाली, “कालपासून एकीलेच. सुमनले.”

मी गल्लीतून धावत क्लासच्या जिन्यावर गेले. सरांना काय सांगितलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की त्यांनी कानावरचा खडू काढून टेबलावर ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली. त्यांच्या एम-एटीवर मागे बसून मी मोर्णेच्या काठानं गेले. मळ्याच्या बांधापाशी पोचायच्या आधीच वास आला, घशाला चिकटणारा. कोबीची पानं उन्हात तापवलेल्या प्लास्टिकसारखी आक्रसली होती, कडेनं पिवळी, मधे काळपट. वाफ्यात निळा पंप आडवा पडला होता आणि त्याचा पट्टा पाण्यात भिजत होता. माणूस कुणीच नाही. शेजारच्या मळ्यातली एक म्हातारी बांधावर आली. ती म्हणाली, प्रल्हाद फवारता फवारता बसला, मंग त्याले वकाऱ्या सुटल्या, मंग तोंडातून फेस, पोट्ट्यांनी आटोत घालून मोठ्या दवाखान्यात नेला सकाळीच. सर बांधावर खाली बसले. चिखलातच. “गुणाकार तपासला होता मी,” ते म्हणाले. “गुणाकार तपासला होता.” ते दोन-तीनदा तेच म्हणाले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

तो वाचतो की नाही, हे पुढचे काही दिवस कुणालाच सांगता येत नव्हतं. मी रोज दवाखान्यात जायचे. सर माझ्या आधी आलेले असायचे. सुमनबाई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसलेली, तोच पदर, तेच डोळे. मी तिला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं, पान कसं चुकलं, दोनच्या पुढे एक कसा चिकटला. तिनं ऐकून घेतलं. ती आमच्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मग मी तिला जे विचारू नये ते विचारलं. बाई, एकवीस ऐकून तुम्हाला काहीच वाटलं नाही? आजवर तीनच टाकत होता ना?

“तीन कुठचे, बाप्पा,” ती म्हणाली. “तीनवर होतो मागच्या साली. मंग चार. मंग या साली आमी आठ टाकून राह्यलो. अळी मरूनच नाही राह्यली तं काय करावं? म्हनलं, असंन आता एकवीस.”

मी घरी आले आणि मावशीला विचारलं. तिनंही मान खाली घालून तेच सांगितलं. तिला वाटलं, या साली तसंच निघालं असेल. काका धामणगावहून परत आले होते. ते डोकं धरून बसले होते, पण त्यांनाही मी विचारलं की तुम्ही दुकानात असता तर थांबवलं असतं ना? ते खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, माहीत नाही, नीलू. लोक दर हप्त्याले येऊन म्हणते का अळी मेली नाही, वाढवून द्या. दुसऱ्या दिवशी पान बंद केलेलं असताना मी दुकानात बसले होते, तेव्हा आलेल्या चार जणांना मी मुद्दाम सांगून बघितलं की कोबीच्या एका पंपाला एकवीस झाकणं, चालेल का. एकानं विचारलं, कंपनी कोणती. दुसऱ्यानं विचारलं, पानं जळत तर नाहीत ना. चौघांपैकी एकही जण दचकला नाही. मी मात्र दचकले, आणि अजून मधूनच दचकते. सगळा दोष त्या दिलदार भाषेचा आहे, असं धरून मी ते दिवस काढत होते. यंत्राला आकडा कळत नाही हे मला पटलं होतं. पण इतक्या शहाण्या, इतक्या सावध माणसांच्या डोळ्यांसमोर तो आकडा वाढत वाढत अशा ठिकाणी पोचला होता की एकवीस म्हटलं तरी तो कुणाला खोटा वाटू नये, हे मला समजत नव्हतं. अमरावतीच्या आमच्या घरात, बाबांच्या क्रमांक घातलेल्या पुस्तकांत, याचा पत्ताच नव्हता.

प्रल्हादभाऊ वाचले. ज्या दिवशी ते पहिल्यांदा नीट बोलले त्या दिवशी मी तिथं होते. मी त्यांना प्रथमच शुद्धीवर पाहत होते. काळे, लांबट चेहऱ्याचे, कपाळावर टोपीचा पांढरा पट्टा उरलेला. हात सतत थरथरत होते, आणि ते स्वतःच त्या हातांकडे कुतूहलानं बघत होते. सुमनबाई चमच्यानं त्यांना पेज भरवत होती. सर खिडकीशी उभे होते. माफी मागायची म्हणून त्यांनी काही शब्द तयार करून आणले होते, असं मला वाटतं. दोन घोट झाल्यावर प्रल्हादभाऊंनी चमचा बाजूला केला.

“अळी मेली का?” त्यांनी विचारलं.

“मेली,” सुमनबाई म्हणाली. “कोबीबी मेली.”

त्यांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं. “पन मेली.”

“मेली म्हनलं ना.”

“तं आकडा बराबर होता,” ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सर खिडकीपासून पुढे आले. मी खाटेजवळ वाकून म्हटलं, प्रल्हादभाऊ, बरोबर नव्हता, ती चूक होती, दोन झाकणं आणि वरचं एक, तीन, फक्त तीन. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. लहान मुलाकडे बघावं तसं, मायेनं.

“तिनात तं अळी आंघोळ करते, ताई.”

शेजारच्या खाटेवरचा पेशंट हसला. त्याच्या उशाशी त्याचा भाऊ बसला होता, पागोटं मांडीवर ठेवून. इतका वेळ तो त्याला वर्तमानपत्रानं वारा घालत होता. त्यानं वारा घालणं थांबवलं, आमच्याकडे सरकला आणि हलक्या आवाजात प्रल्हादभाऊंना म्हणाला, भाऊ, आमच्याकडंही कोबीच आहे, औषधाचं नाव काय म्हणलं तुमी?

प्रल्हादभाऊंनी सांगायला तोंड उघडलं. सुमनबाईनं हातातली पेजेची वाटी खाली टाकली आणि साऱ्या वॉर्डादेखत, त्या अनोळखी माणसासमोर, आपल्या नवऱ्याच्या तोंडावर हात दाबून धरला.